आऱ्यावरची रेघ आडवी का चालत नाही? एमडीएफच्या बैलगाडीला खऱ्या लाकडाचं रूप देण्याची पद्धत आणि तिचा हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण एमडीएफच्या छोट्या बैलगाडीचं लेझर कटिंग आणि जोडणी पाहिली. रंगकामाला मी त्यात जेमतेम चार मिनिटं दिली. ती माझी चूक झाली. कटिंगची फाईल आज कोणालाही मिळते, मशीनवाला तासाभरात दहा गाड्यांचे भाग कापून हातात देतो. म्हणजे कटिंगमध्ये तुमचं वेगळेपण काहीच उरलेलं नाही. गिऱ्हाईक गाडी हातात घेऊन दोन सेकंद थांबतं ते रंगामुळे. म्हणून आज फक्त रंगकाम, आणि तेही एकाच गोष्टीचं: लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे.

आधी माझी एक फजिती सांगतो.

बारामतीत एका प्रदर्शनात मी पहिल्यांदा स्टॉल लावला होता. टेबलावर बारा गाड्या, सगळ्या चकाचक. तपकिरी रंग, त्यावर गडद रेघा, वरून चमकदार व्हार्निश. मला वाटत होतं, कमाल झालीय. इंदापूरकडचे एक पासष्टीचे शेतकरी आले. त्यांनी गाडी उचलली, चाक फिरवून पाहिलं, डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाले, "पोरा, ही गाडी चालायची नाय. पहिल्याच ओढ्यात आरं मोडत्याल."

मी म्हटलं, "का हो तात्या?"

"आऱ्यावर रेघा आडव्या हायत की. आडव्या रेघेचं लाकूड आऱ्याला कुठला सुतार घेतो?"

त्यांनी गाडी खाली ठेवली आणि पुढच्या स्टॉलवर गेले. मी चाक हातात घेऊन बघत बसलो. खरंच होतं. मी लेझरवाल्याकडून आलेली अख्खी शीट कापलेल्या भागांसकट एका दिशेने ब्रश मारून रंगवली होती. म्हणजे जे आरे ब्रशच्या दिशेत होते त्यांच्यावर रेघा उभ्या पडल्या आणि जे काटकोनात होते त्यांच्यावर आडव्या. माझा वेळ वाचला होता. तात्यांना ते दोन सेकंदांत दिसलं, कारण त्यांनी आयुष्यात खऱ्या गाडीचं चाक बदललंय.

मुंबईच्या दुकानात ही चूक कदाचित खपून जाईल. पण बारामती-इंदापूर भागात, जिथे घरटी एकाच्या तरी आजोबांकडे गाडी होती, तिथे खपत नाही. आणि खरं गिऱ्हाईक इथलंच आहे. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परत परवानगी दिली, मे २०२३ च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हापासून गावोगावच्या मैदानांना बक्षिसासाठी, सत्कारासाठी गाडीचं मॉडेल लागतं. ते घेणारा माणूस गाडीच्या बाबतीत तुमच्यापेक्षा जास्त शिकलेला असतो, हे डोक्यात ठेवा.

आधी खरं लाकूड बघा

ब्रश हातात घेण्याआधी एक दिवस फिरण्यात घालवा. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलच्या दारात जुनं चाक शोभेला लावलेलं दिसेल. चहा घ्या, फोटो काढा. भवानीनगर किंवा माळेगावच्या साखर कारखान्याकडे हंगामात उसाच्या बैलगाड्या येतात. त्यांना बहुतेक रबरी टायर असतात, सांगाडा लोखंडी असतो, पण बैलाच्या मानेवरचं जू नीट बघून घ्या. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने कोरीव दरवाजे आहेत. दरवाजाच्या नक्षीपेक्षा तुम्ही चौकटीच्या कोपऱ्याकडे बघा. उभं लाकूड आडव्याला मिळतं तिथे रेघांची दिशा कशी एकदम बदलते ते पाहा. मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात.

आपल्याकडच्या गाडीत दोन लाकडं ओळखता आली तरी पुष्कळ झालं.

एक बाभूळ. कठीण, चिवट, म्हणून चाकासाठी आणि औतासाठी वापरलेली. ताजी कापलेली बाभूळ बाहेरच्या बाजूला फिकट पिवळसर आणि गाभ्यात लालसर तपकिरी असते. जुनी होत जाते तसा गाभा गडद होतो. सागासारख्या लांबच लांब ठळक रेघा तिच्यात दिसत नाहीत. छोट्या, तुटक, जरा खरबरीत रेघा दिसतात.

दुसरा साग. सोनेरी तपकिरी, वाढीची वर्तुळं स्पष्ट. फळी कशी कापली त्यावर तिचं रूप ठरतं. ओंडक्याच्या मधोमध कापलेल्या फळीवर सरळ, जवळजवळ समांतर रेघा येतात. कडेने कापलेल्या फळीवर एकात एक बसवलेल्या डोंगरांसारख्या कमानी येतात.

तिसरी गोष्ट लाकडाची जात नाही, वय आहे. उन्हात-पावसात वर्षानुवर्षं राहिलेली गाडी तपकिरी राहतच नाही. ती राखाडी होते. लाकडातले तंतू धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक उन्हाने विरतो आणि पावसाने धुऊन जातो. मागे उरतात ते फिकट तंतू. म्हणून जुन्या गाडीचं मॉडेल चॉकलेटी रंगाचं केलं की ते लगेच खोटं वाटतं. नवी गाडी दाखवायची की जुनी, हे पहिल्या कोटाआधीच ठरवा. अर्धी नवी अर्धी जुनी अशी गाडी जगात नसते.

रेघ कुठून कुठे जाते

तात्यांच्या त्या वाक्याने मला जे शिकवलं ते असं. लाकूड रेघेच्या दिशेत ताकदवान असतं आणि रेघेला आडवं चटकन चिरतं, मोडतं. सुतार प्रत्येक भाग कापताना हाच विचार करतो. त्यामुळे रेघ ही शोभा नाही, तो सुताराचा निर्णय आहे. तुम्ही रंगवताना प्रत्येक भागाला विचारायचं: इथे सुताराने लाकूड कसं धरलं असतं?

आरे: रेघ लांबीत. तुंब्यापासून घेराकडे. यात चर्चा नाही.

जू आणि दांड्या: रेघ लांबीत.

तुंबा, म्हणजे चाकाच्या मधला गोल ठोकळा: रेघ आखाच्या दिशेत जाते. त्यामुळे तुंब्याच्या गोल बाजूवर आडव्या, एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे जाणाऱ्या रेघा दिसतात, आणि तोंडावर मात्र झाडाची वर्तुळं. बरेच जण तुंब्यावर गोल गोल पट्टे मारतात. तसं केलं की तो लाकडी तुंबा न दिसता गाडग्यासारखा दिसतो.

आता चाकाचा घेर. इथे जरा थांबतो, कारण ही जागा जमली तर गाडीचं काम जमलंच म्हणून समजा. घेर अख्ख्या एका लाकडाचा नसतो. तो वळणदार कापलेल्या तुकड्यांचा जोडलेला असतो. जुनं चाक मोजून बघा. बारा आरे आणि प्रत्येक तुकड्यात दोन आरे असतील, तर तुकडे सहा. प्रत्येक तुकडा सरळ फळीतून कापलेला असतो. म्हणजे तुकड्याचा आकार वळतो, पण त्याच्या आतली रेघ वळत नाही! ती सरळ जाते आणि वळणाशी कडेला येऊन तुटते. पुढच्या तुकड्यात रेघ नव्या दिशेने सुरू होते. म्हणून घेरावर चाकाबरोबर गोल फिरणारी रेघ कधीही मारायची नाही. पेन्सिलीने सहा तुकड्यांच्या सांध्यांच्या खुणा करा, एक-एक तुकडा समोर धरा आणि त्याच्या मधल्या भागाशी समांतर सरळ रेघा ओढा. शेजारच्या तुकड्याचा रंग किंचित वेगळा ठेवा. एवढं केलंत की बघणाऱ्याला नेमकं काय ते सांगता येत नाही, पण चाक "बनवलेलं" वाटायला लागतं.

ही युक्ती जगभरचे मॉडेलवाले वापरतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे पंखे लाकडाचे होते, बऱ्याच पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून घडवलेले. त्या विमानांची छोटी मॉडेलं करणारे लोक पंख्यावर मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावून एक थर फिकट, एक थर गडद असं रंगवतात. आपल्या गाडीच्या तळाच्या फळ्यांनाही तेच लागू. सहा फळ्या असतील तर तीन छटा करा आणि मिसळून लावा. सगळ्या फळ्या एकाच रंगाच्या असल्या की नजर त्याला एकच पत्रा समजते.

रेघ किती बारीक?

समजा खरं चाक पाच फुटांचं आहे. आपलं मॉडेल एकास बारा या मापाचं, म्हणजे चाक पाच इंचांचं. आता सागाच्या दोन रेघांमध्ये खऱ्या फळीवर पाच मिलिमीटर अंतर असेल, तर मॉडेलवर ते अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी येतं. नवशिक्यांच्या गाडीवर दोन-दोन मिलिमीटरवर जाड रेघा असतात. तशी रेघ खऱ्या लाकडात असती तर ते झाड केवढं असतं, विचार करा.

म्हणून नियम असा की हातभर अंतरावरून रेघ दिसेल न दिसेल अशी हवी, जवळ नेल्यावर कळायला हवी. बेस आणि रेघ यांच्या रंगात फार फरक ठेवायचा नाही. गाठी तर जपून. अख्ख्या गाडीत दोन गाठी पुष्कळ झाल्या, आणि आऱ्यावर एकही नको, कारण गाठीचं लाकूड सुतार आऱ्याला घेत नाही.

आता प्रत्यक्ष काम

एमडीएफची कड रंग पिते. लेझरने जळलेली कड तर काळी असते आणि तिचा काळेपणा फिकट रंगातून वर येतो. आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासून घ्या. घासताना तोंडाला मास्क लावा. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि ते लाकूड रसायनी डिंकाने बांधलेलं असतं. घरात लहान मुलं असतील तर हे काम अंगणात करा. मग सँडिंग सीलरचा एक पातळ हात, वाळल्यावर परत हलकं घासणं, मग प्रायमर. हे कंटाळवाणं काम आहे, पण याला फाटा दिलात तर पुढे काहीही केलं तरी पृष्ठभाग पुठ्ठ्यासारखा दिसतो.

बेसचा रंग तुम्हाला शेवटी हवा आहे त्यापेक्षा बराच फिकट ठेवा. यावर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये वाद होतो. "सर, हे तर श्रीखंडासारखं दिसतंय." हो, तसंच दिसलं पाहिजे! पुढचे सगळे थर गडद करणारेच आहेत. सागासाठी यलो ऑकर, थोडा रॉ सिएना आणि पांढरा. बाभळीसाठी यलो ऑकर, पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. जुन्या राखाडी गाडीसाठी पांढरा, थोडा काळा आणि त्यात बर्न्ट अंबरचा एखादा थेंब, म्हणजे सिमेंटसारखा थंड राखाडी न होता उबदार होईल. कॅमल, फेविक्रिल वगैरे साधे ॲक्रिलिक रंग चालतात. दोन पातळ हात द्या, आणि ब्रश भागाच्या रेघेच्या दिशेतच चालवा. ब्रशचे जे बारीक ओरखडे राहतात ते पुढे आपल्याला मदतच करतात.

रेघांसाठी दोन पद्धती आहेत.

पहिली, सुक्या ब्रशची. जुना, केस फाकलेला चपटा ब्रश घ्या. कात्रीने त्याचे केस मधूनमधून छाटा, म्हणजे कंगव्यासारखा होईल. त्याला गडद रंग लावा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उरलेला भागावरून हलक्या हाताने एका दिशेत ओढा. ओढताना हात मध्येच किंचित हलू द्या. फूटपट्टीने मारल्यासारखी रेघ लाकडात नसते. ही पद्धत पटकन होते, स्वस्त आहे आणि बाभळीला, जुन्या राखाडी लाकडाला चांगली शोभते. पण उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. तेव्हा हे काम सकाळी नऊच्या आत उरका.

दुसरी, ट्यूबमधल्या तेलरंगाची. बेस पूर्ण वाळू द्या, वर साध्या व्हार्निशचा एक पातळ हात द्या. मग बर्न्ट अंबर तेलरंगाचा अगदी थोडा, मुगाच्या दाण्याएवढा ठिपका भागावर पसरवा आणि कोरड्या चपट्या ब्रशने किंवा स्पंजाच्या तुकड्याने रेघेच्या दिशेत ओढून काढा. रंग लावायचा कमी, काढायचा जास्त. तेलरंग लगेच वाळत नाही, त्यामुळे चुकलं तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून परत करता येतं. सागाची सोनेरी खोली या पद्धतीनेच येते. कडेने कापलेल्या फळीच्या कमानीही ब्रश जरासा वळवून याच थरात काढता येतात. तोटा एकच, पण मोठा: वाळायला दिवस जातात. तेलरंगांत अंबर त्यातल्या त्यात लवकर वाळतो, कारण त्यात मँगनीज असतं आणि ते तेल वाळायला मदत करतं. तरी मी चार-पाच दिवस धरतोच, पावसाळ्यात आठवडा. आणि लक्षात ठेवा, ओल्या तेलरंगावर ॲक्रिलिक कधीही लावायचा नाही.

नवशिक्यांनी पहिल्या दहा गाड्या सुक्या ब्रशनेच कराव्यात असं माझं मत आहे. हात बसल्याशिवाय तेलरंग घेऊ नका, नाहीतर घरभर अर्धवट वाळलेल्या गाड्या होतात आणि बायकोला स्वयंपाकाला ओटा उरत नाही.

रेघा झाल्या की वॉश. बर्न्ट अंबर पाण्यात चहासारखा पातळ करायचा आणि सांध्यांत, आऱ्याच्या मुळाशी, फळ्यांच्या फटींत सोडायचा. जास्तीचा लगेच टिपून घ्यायचा. या थराने गाडीला खोली येते.

शेवटचे चार-सहा हात वापराच्या खुणांचे. जिथे जू बैलाच्या मानेवर बसतं तिथे लाकूड घामाने आणि घासून गुळगुळीत, गडद आणि तुकतुकीत होतं. बाकी गाडी मॅट ठेवा आणि तेवढ्याच जागी चमक द्या. तुंब्याच्या तोंडाशी वंगणाचा काळा तेलकट डाग. गाडीवान बसतो तिथली फळी घासलेली. दोर बांधायच्या जागी फिकट पट्टा. घेराच्या खालच्या भागात मातीचा हलका रंग, आणि तो बारामतीच्या बागायती काळ्या मातीचा की इंदापूरच्या माळावरचा तांबूस, हे गिऱ्हाईकाच्या गावावरून ठरवा. गंमत वाटेल, पण माझी एक गाडी केवळ "ही आमच्या रानातली माती दिसतीय" म्हणून विकली गेलीय.

व्हार्निश मॅट. पॉलिश केलेला सागवानी वाडा किंवा देव्हारा करत असाल तर अर्धचमक चालेल. गाडीला पूर्ण चमक दिली की ती प्लॅस्टिकची दिसते. माझ्या पहिल्या बारा गाड्यांचं निम्मं नुकसान त्या चमकेने केलं होतं.

जुलै महिन्यातली पंचवीस गाड्यांची ऑर्डर

आता पैशाचं बोलू. एका कार्यक्रमासाठी मला पंचवीस गाड्यांची ऑर्डर आली. भाव नऊशे रुपये, म्हणजे साडेबावीस हजार. आठ दिवसांत हव्या होत्या. मी हो म्हणून बसलो. महिना जुलै, चार दिवस सूर्य नाही. रंगकाम वेळेत झालं, व्हार्निशही मारलं, हाताला कोरडं लागलं. रात्री वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरल्या. सकाळी एक उघडून बघितली तर कागद चाकाला चिकटलेला, आणि ओढून काढला तर आऱ्यांवर चक्क बातमीची अक्षरं. नऊ गाड्या अशा निघाल्या. काहींवर व्हार्निशमध्ये ओलावा अडकून पांढुरकी साय आली होती. मी गिऱ्हाईकाला खरं सांगितलं. सोळा दिल्या, नऊ दहा दिवसांनी दिल्या, आणि त्या नऊचे पैसे निम्मेच घेतले. ते बरोबरच होतं, कार्यक्रम तर होऊन गेला होता.

तेव्हापासून पावसाळ्यात मी रंगकामानंतर किमान सहा दिवस वाळायला धरतो, त्यापेक्षा कमी मुदतीची ऑर्डर घेत नाही. वर्तमानपत्र बंद, बटर पेपर किंवा मऊ सुती कापड. आणि पन्नास टक्के आगाऊ घेतल्याशिवाय शीट कापायला टाकत नाही.

आता एका गाडीचा खर्च मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावातले भाव विचारून तुमचे भरा. एमडीएफ आणि कटिंग १२० रुपये, रंग-सीलर-व्हार्निश ४०, खोकं ६०. झाले २२०. दुकानात गाडी ८५० ला विकली जाते. बहुतेक जण इथेच हिशोब थांबवतात आणि म्हणतात, ६३० रुपये सुटले!

नाही सुटले. दहा गाड्यांच्या बॅचला घासणं आणि सीलर तीन तास, बेसचे दोन हात अडीच तास, रेघा सहा तास, वॉश आणि खुणा अडीच तास, व्हार्निश दीड तास, जोडणी साडेचार तास, पॅकिंग एक तास. एकूण एकवीस तास. एका गाडीला २.१ तास. तुमच्या तासाला शंभर रुपये धरले तर २१० रुपये. २२० अधिक २१०, झाले ४३०. दहातली एक गाडी बिघडते असं धरून दहा टक्के म्हणजे ४३ वाढवा. ४७३. दुकानदाराने तीस टक्के कमिशन घेतलं तर ८५० मधले २५५ गेले, तुमच्या हातात ५९५. उरले १२२ रुपये.

आणि हीच गाडी एकेकटी करायला बसलात, तर ब्रश धुण्यात, रंग कालवण्यात, वाट बघण्यात सहज चार तास जातात. ४०० अधिक २२०, म्हणजे ६२०. हातात येणार ५९५. पंचवीस रुपये पदरचे घालून तुम्ही गाडी विकली, आणि बिघाड अजून धरलेलाच नाही.

यावर लोकांचा पहिला उपाय म्हणजे रेघांचा वेळ कापायचा. मी सांगतो, तिथे कापू नका. गाडीच्या तळाची खालची बाजू कोणी बघत नाही, तिथे रेघा मारू नका. तुंब्याच्या आतल्या तोंडावर वर्तुळं काढू नका. पण चाकाचा दर्शनी भाग, जू आणि दांड्या यांना पूर्ण वेळ द्या. आणि शक्य तेवढा माल दुकानाऐवजी थेट ऑर्डरवर विका. तिथे २५५ रुपये तुमचेच राहतात.

पाटीवर काय लिहायचं

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात. तिथे खऱ्या लाकडावर रंग चढवून पेरू-आंबा करतात. आपण उलट करतोय, जे फळीचं लाकूड नाही त्याला रंगाने लाकूड करतोय. काम जितकं चांगलं जमेल तितका मोह वाढेल, पाटीवर "सागवानी बैलगाडी" लिहायचा. लिहू नका. एमडीएफ लाकडाच्या तंतूंपासूनच बनतं हे खरं, म्हणून "लाकडी" म्हटलं तर काय बिघडलं, असा युक्तिवाद मी ऐकलाय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. शिवाय गाडी पावसात भिजली, कड फुगली, की गिऱ्हाईकाला कळतंच. "एमडीएफवर हाताने रंगवलेली, लाकडी रूपाची बैलगाडी" असं सरळ लिहा. हे लिहायला लागल्यापासून माझी विक्री कमी झालेली नाही, उलट "हे हाताने रंगवलंय?" हा प्रश्न वाढला, आणि त्या प्रश्नाला भाव मिळतो.

दुसरी काळजी: त्याला "खेळणं" म्हणून विकू नका. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. केंद्राच्या हस्तकला आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यात सूट आहे, पण तुमची तशी नोंदणी नसेल तर तुमची गाडी ही शोभेची वस्तू आहे, आणि खोक्यावर तसंच छापा. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा अभ्यास: एमडीएफच्या एका पट्टीवर सहा चौकोन आखा. दोन सागाचे, दोन बाभळीचे, दोन जुन्या राखाडी गाडीचे. प्रत्येक जोडीतला एक सुक्या ब्रशने आणि एक तेलरंगाने. मागे पेन्सिलीने रंगांचं प्रमाण, तारीख आणि किती वेळ लागला ते लिहा. मग ती पट्टी घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या सुताराकडे जा आणि कुठलं लाकूड कुठलं ते त्यांना ओळखायला सांगा, आधी काही न सांगता. पुढच्या व्हिडिओत चाकावरची लोखंडी धाव घेऊ. तिला गंज कसा दाखवायचा, आणि जमिनीला घासणारा भाग गंजलेला का दिसत नाही, ते तेव्हा बघू.